ऋजुताच्या वाटणीचा शब्द

आमच्या चर्चच्या मंडळीत शोभना अमोलिकला लहान मुलं बाई म्हणायची, मोठे शोभनाबाई म्हणायचे, आणि पाळकसाहेब भाषणाला उभे राहिले की 'शिशुवर्गाचा आधारस्तंभ' म्हणायचे. तो स्तंभ त्यांनी पुढे कसा उचलून बाजूला ठेवला ते सांगायला मी बसले आहे. मी मंजुषा. उपासनेत पेटी वाजवते आणि इंदूरच्या मराठी ख्रिस्ती लोकांत तिखट जिभेची म्हणून प्रसिद्ध आहे. असू दे.

शोभनाचे आजोबा नगर जिल्ह्यातून मिशनच्या दवाखान्यात कंपाउंडर म्हणून आले. सासर कापड मिलमुळे इंदुरात आलेलं. तिचा नवरा दिनानाथ मागांवर होता. ज्यांनी मागाचं खातं कधी पाहिलं नाही त्यांना सांगते, तिथे शेजारचा माणूस ओरडला तरी ऐकू येत नाही. वर्षानुवर्षं त्या खडखडाटात काढलेली माणसं घरी यायची ती अर्धी बहिरी होऊन. मग घरात बोलणं म्हणजे एक तर ओरडणं, नाहीतर हातवारे. पाणी हवं असलं की अंगठा तोंडाशी न्यायचा, पोरांना गप्प करायचं असलं की बोट उगारायचं. अशा घरांतली चार-पाच वर्षांची पोरं रविवारी सकाळी शोभनाच्या वर्गात यायची आणि तिच्याकडे नुसती टुकूटुकू बघत बसायची.

त्यांच्यासाठी तिनं एक रीत पाडली. गोष्ट सुरू करण्याआधी ती शब्दांची वाटणी करायची. बायबलातल्या योनाची, वादळात समुद्रात फेकलेल्या आणि मोठ्या माशानं गिळून वाचवलेल्या माणसाची गोष्ट असली तर 'मासा' तुझा, 'वादळ' तुझं, 'जहाज' तिचं. सांगता सांगता तो शब्द आला की शोभना गप्प. ज्याचा शब्द त्यानंच म्हणायचा. दुसऱ्यानं म्हटलेला चालायचा नाही, हातानं दाखवलेला तर मुळीच नाही. ते पोर बोलेपर्यंत योना समुद्रात गटांगळ्या खात राहायचा. बाकीची पोरं त्याच्या तोंडाकडे बघत बसायची, आणि शेवटी ते बोलायचंच, कारण योनाला वाचवायचं असायचं. मी दाराशी उभी राहून ऐकायचे आणि माझाच जीव कासावीस व्हायचा. एकदा न राहवून मी तो शब्द बाहेरून म्हणून टाकला, तर शोभनानं अशी नजर टाकली की मी पेटीकडे पळाले.

"तुला घाई कसली गं?" नंतर ती मला म्हणाली. "त्याचा शब्द आहे. घेईल तो त्याच्या वेळेला."

नव्वदीनंतर मिल बंद पडली. गेटावर 'काम तात्पुरते बंद' अशी सूचना लागली, आणि दिनानाथ त्या 'तात्पुरते'वर विश्वास ठेवून कितीतरी महिने सकाळी डबा घेऊन गेटापर्यंत जाऊन यायचा. शोभनानं बालवाडीत नोकरी धरली आणि घर ओढलं. मुलगा परेश तेव्हा शाळेत होता. पुढे चौकाचौकांत कॉम्प्युटर क्लास निघाले, तेव्हा तिनं त्याला एका क्लासला घातलं. सर्टिफिकेट मिळालं, नोकरी मिळाली नाही. त्यानं काही दिवस पेजर विकले, काही दिवस केबलवाल्याकडे वायरी ओढल्या. पोरगा मनानं वाईट नव्हता. हे मी आत्ताच सांगून ठेवते, कारण पुढे सांगायला मला धीर होणार नाही.

मिलवाली कुटुंबं पांगली. कुणी पीथमपूरच्या कारखान्यांत लागले, कुणी गावी गेले. मंडळीत नवे लोक आले, महाराष्ट्रातून बदलून आलेले, विजय नगरच्या फ्लॅटांत राहणारे, रविवारी चकचकीत गाडीतून उतरणारे. त्यांतच पुण्याचे रजत आणि अमिता होते. त्यांची ऋजुता चौथ्या वर्षात होती आणि बोलत नव्हती.

म्हणजे अगदी मुकी नव्हती. कान तपासून झाले होते, ते ठीक होते. पण तिला हाक मारली तर ती वळायची नाही, काही विचारलं तर उत्तर द्यायची नाही. मध्येच कार्टूनमधलं एखादं हिंदी वाक्य जसंच्या तसं म्हणायची आणि पुन्हा गप्प. घरी टीव्ही सकाळी लागायचा तो रात्री बंद व्हायचा. घास टीव्हीपुढे, दूध टीव्हीपुढे. अमितानं हे सगळं शोभनाला रडत रडत सांगितलं.

"मिलच्या पोरांसारखीच आहे गं ही," शोभना मला म्हणाली. "घरात आवाज भरपूर, आणि हिच्याशी बोलणारं कुणी नाही."

नाताळच्या गोष्टीची तयारी आमच्याकडे दिवाळी सरली की सुरू होते. त्या वर्षी, म्हणजे दोन हजार साली, शोभनानं शब्दांची वाटणी केली तेव्हा ऋजुताला 'गव्हाणीत' हा शब्द दिला. मी म्हटलं, अगं, एवढ्याशा पोरीला हा कसला शब्द? गुरांना चारा घालतात ती गव्हाण राहू दे, फ्लॅटमधल्या मुलीनं गाय तरी जवळून बघितली असेल का? शोभना म्हणाली, "तिनंच घेतला. बाकीचे शब्द सांगितले तेव्हा ती खिडकीकडे बघत होती. हा ऐकला आणि हसली."

सरावात एकदाही तो शब्द पोरीच्या तोंडून निघाला नाही. शोभना दर रविवारी त्या जागी थांबायची, वाट बघायची आणि मग म्हणायची, "बरं, ऋजुताचा शब्द तिच्यापाशीच राहू दे आज." स्वतः कधी म्हणायची नाही.

नाताळच्या दिवशी देऊळ, चर्चला आम्ही देऊळच म्हणतो, गच्च भरलं होतं. मुलं पुढे रांगेत उभी, शोभना त्यांच्यासमोर गुडघ्यांवर बसलेली. योसेफ आला, मरिया आली, धर्मशाळेत जागा नाही हेही झालं. "मग मरियेनं बाळाला मऊ फडक्यात गुंडाळलं," शोभना म्हणाली, "आणि निजवलं कुठे? तर..."

आणि ती थांबली. लोक वाट बघू लागले. कुणी खोकलं. पाळकसाहेबांनी घड्याळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, म्हणजे पेटी सुरू करा. मी मुद्दाम दुसरीकडे बघितलं. अमितानं पदर तोंडाशी धरला होता. शोभना मात्र जेवणाआधी भात मुरायची वाट बघावी तशी शांत बसली होती. आणि मग ऋजुतानं शोभनाच्या तोंडाकडे बघत म्हटलं, "गवानीत."

सगळं देऊळ एकदम बोलायला लागलं. अमिता रांगेतून पुढे धावली आणि तिनं शोभनाचे दोन्ही हात धरले. "बाई, तुमचे उपकार मी जन्मात विसरणार नाही," असं ती म्हणाली. मी जवळच होते, मी माझ्या कानांनी ऐकलं.

त्यानंतर पोरगी हळूहळू खुलत गेली. फार नाही, पण आपलं नाव सांगायची, पाणी मागायची, मला 'पेटी' म्हणायची.

पुढच्या वर्षी परदेशात स्थायिक झालेल्या आमच्या एका माणसानं मंडळीला कॉम्प्युटर भेट पाठवला. मोठा पडदा, स्पीकर, सगळं. पाळकसाहेबांना वाटलं आपण आता नव्या युगात आलो. कॉम्प्युटर कुणाला चालवता येतो? तर परेशला. त्याला मंडळीत काम मिळालं, पगाराचं. शोभनाच्या घरात मिल बंद झाल्यापासून इतका आनंद झाला नव्हता. दिनानाथनं आम्हाला बोलावून शिरा खाऊ घातला.

उन्हाळ्याच्या सुट्टीत परेश आईच्या मागे लागला. मी तेव्हा तिच्याकडेच बसले होते.

"आई, सही में सांगतो, तुझ्या गोष्टी ना, इथल्या इथेच वाया जाऊन राहिल्या. आपण त्यांची सीडी बनवू. चित्रं मी टाकतो, आवाज तुझा."

"कशाला रे? माझा वर्ग आहे की."

"तुझ्या वर्गासाठी थोडीच आहे! हातोदकडच्या गावांत आपली जी चार घरं आहेत ना, तिथल्या पोरांना शिकवायला कोई नहीं. त्यांच्यासाठी. तू तर काही तिथे दर रविवारी जाऊ शकत नाही."

यावर ती काय नाही म्हणणार? शिकवायला कुणी नाही, एवढं ऐकलं की तिचा जीव पाघळायचा. पोरानं आईची नस बरोबर धरली होती.

भजनांच्या कॅसेटी भरायची एक खोली होती, तिथे आम्ही गेलो. मी पेटी घेऊन गेले होते. काचेपलीकडे परेश कानाला हेडफोन लावून बसला. शोभनानं पहिली गोष्ट सुरू केली, आणि शब्दाची जागा आली तशी सवयीनं थांबली. काचेपलीकडून परेश हातानं खुणावू लागला, बोल, बोल पुढे. ती माझ्याकडे बघायला लागली. तिथे पोर कुठलं होतं? शेवटी तिनं तो शब्द स्वतःच म्हटला. असं प्रत्येक गोष्टीत झालं. नाताळच्या गोष्टीत 'गव्हाणीत' हाही शब्द तिनंच म्हटला. बाहेर आल्यावर मला म्हणाली, "मंजू, मला कुणाच्या तरी ताटातला घास उचलून खाल्ल्यासारखं झालं गं."

"हातोदच्या पोरांना काय माहीत वाटणी!" मी तिची समजूत घातली. "त्यांना गोष्ट मिळेल ना."

ती अधूनमधून थांबली होती त्या जागा परेशनं घरी बसून कापून टाकल्या. गोष्टी निम्म्या वेळात बसल्या म्हणून तो खूश होता.

शाळा उघडल्या, जुलै लागला. सुट्टीनंतरच्या पहिल्या रविवारी शोभना नेहमीप्रमाणे लवकर गेली. वर्गात सतरंज्यांच्या जागी खुर्च्यांच्या ओळी लावलेल्या होत्या, समोर कॉम्प्युटर होता, आणि परेश वायरी जोडत होता. मुलं आली, बसली. पडद्यावर रंगीत जहाज आलं आणि स्पीकरमधून शोभनाचा आवाज निघाला. शोभना दाराशी चप्पल हातात घेऊन उभी होती. मी तिच्या मागेच होते.

"हे काय आहे, परेश?"

"आई, पाळकसाहेब म्हणाले आधी इथे ट्रायल घेऊ. तू बस ना तिथे, पोरांना सांभाळ. कुणाला सूसू-बिसू लागली तर."

"आणि हातोद?"

"तिथे कॉम्प्युटर कुठे आहे, आई?" परेश वायरीकडे बघत म्हणाला.

मग सुट्टीत होता का तिथे कॉम्प्युटर? हे मी विचारणार होते. शोभनानं माझा हात दाबला. मुलांसमोर नको. ती जाऊन शेवटच्या खुर्चीवर बसली आणि स्वतःच्याच तोंडची गोष्ट ऐकू लागली. दोन-तीन मुलं आपला शब्द आला तशी सवयीनं तोंड उघडायला गेली, पण गोष्ट तोवर पुढे पळालेली असायची. थोड्याच रविवारांत त्यांनी तो नाद सोडून दिला. वर्ग इतका गप्प झाला की बाहेरून जाणाऱ्या आयांना कौतुक वाटू लागलं.

ऑगस्टात मंडळीची सभा झाली. ही व्यवस्था कायम करावी का, असा विषय होता. मी उभी राहिले आणि सांगितलं की मुलं गप्प बसली म्हणजे शिकली असं नव्हे, आमची ऋजुता याच वर्गात बोलायला लागली ती बाई थांबत होत्या म्हणून. सगळ्यांनी अमिताकडे पाहिलं. अमिता उठली. मला वाटलं, आता ही बोलेल आणि सगळं ठीक होईल.

"शोभनाबाईंबद्दल आदर आहेच," अमिता म्हणाली. "पण खरं सांगायचं तर आता ऋजुता तासभर जागची हलत नाही. आवाज बाईंचाच आहे ना? मग फरक काय पडतो? पुढे सगळं कॉम्प्युटरवरच होणार आहे. आपली मुलं मागे राहायला नकोत." आणि तिनं परेशकडे सीडीची एक प्रत घरासाठी मागितली.

मला त्या बाईचा इतका संताप आला की मी पदराचं टोक पिळत बसले. हात वर झाले. विरोधात माझा एकटीचा. शोभनानं कुठेच हात वर केला नाही. परेशची नोकरी त्याच ठरावात होती ना. पाळकसाहेब शेवटी म्हणाले की आपल्या शोभनाबाई आता खऱ्या अर्थानं सगळीकडे पोहोचल्या. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

त्या वर्षी वीज फार जायची. एका रविवारी योना समुद्रात पडायला आणि लाइट जायला एकच गाठ पडली. पडदा काळा झाला. मुलं अंधूक उजेडात तशीच बसून राहिली. शोभना उठली. कितीतरी महिन्यांनी तिचा चेहरा उजळलेला मी पाहिला. पुढे जाऊन ती खाली बसली, आवाज हळू करून म्हणाली, "आणि समुद्रातून वर आला एक मोठ्ठा..." आणि थांबली. ऋजुता समोरच होती. मुलं काळ्या पडद्याकडेच बघत राहिली. शेवटी एक मुलगा कंटाळून म्हणाला, "बाई, लाइट येऊन जाऊ द्या ना."

पुढच्या महिन्यात मंडळीनं इन्व्हर्टर घेतला.

मी शोभनाला म्हटलं, तू घरी बस, कशाला जातेस तिथे पोरांना मुतायला न्यायला? ती म्हणाली, "नाताळ येऊ दे. गव्हाणीचा शब्द तिचा आहे. गेल्या वर्षी तिनं तो मिळवला. तो तिनं म्हटला पाहिजे. मी परेशला सांगितलंय, तेवढ्या एका जागी थांबव. तो हो म्हणाला." तेवढंच तिनं मागितलं होतं. सगळा वर्ग गेला, निदान ती एक जागा राहू दे, असं तिचं म्हणणं होतं. त्या पोरीची जीभ पुन्हा जड होत चालली होती, हे तिला आमच्यापेक्षा आधी कळलं होतं. पाणी हवं असलं की ऋजुता आता बाटलीकडे बोट दाखवायची.

नाताळ आला. मुलांना पंख, मुकुट, दाढ्या, सगळं भाड्यानं आणलं होतं. परेश बाजूला कॉम्प्युटरपाशी. शोभना पहिल्या रांगेत, दिनानाथ तिच्या शेजारी, मी पेटीवर. ऋजुता पांढऱ्या झग्यात मधोमध उभी होती. सरावात परेश म्हणे त्या शब्दापाशी सीडी थांबवत होता. पण त्या दिवशी पाळकसाहेबांनी बाहेरचे पाहुणे बोलावले होते, आणि कार्यक्रम कुठेही अडखळायला नको असं त्याला सकाळीच बजावलं होतं. हे आम्हाला मागाहून कळलं.

स्पीकरमधून शोभनाचा आवाज घुमला, "मग मरियेनं बाळाला मऊ फडक्यात गुंडाळलं आणि निजवलं कुठे? तर गव्हाणीत. तेवढ्यात रानात मेंढपाळ..."

ऋजुताचं तोंड उघडलेलं होतं. गोष्ट मेंढपाळांपाशी गेली, देवदूत आले, आणि ती तशीच उघड्या तोंडानं उभी. मग उशिरानं, देवदूतांच्या मध्येच, ती म्हणाली, "गवानीत." लोक हसले. वाईट हेतूनं नव्हे, पोरीचं कौतुक वाटून हसले. तिनं तोंड मिटलं.

शोभना उठली. "थांबव," ती परेशला म्हणाली. त्यानं मान हलवली, "आई, बस ना, चालू आहे." तिनं पुन्हा मोठ्यानं सांगितलं, पण स्पीकरमधला तिचाच आवाज इतका मोठा होता की दुसऱ्या रांगेतही काही ऐकू गेलं नसेल. दिनानाथ विचारू लागला, "काय झालं? काय झालं?" ती सरळ पुढे गेली आणि ऋजुतासमोर गुडघ्यांवर बसली, गेल्या वर्षी बसली होती तशी. पोरीचे हात हातात घेतले. "निजवलं कुठे? तर..." असं म्हणून ती थांबली.

ऋजुतानं मान वळवली आणि स्पीकरकडे बघितलं. बाईंचा आवाज तिकडून येत होता ना. बाई बोलतात ती जागा पोरीच्या हिशेबानं तिकडेच होती. समोर बसलेल्या बाईकडे तिनं एकदाही पाहिलं नाही. शोभना वाट बघत राहिली. मग अमिता पुढे आली, "बाई, जाऊ द्या ना, छान झालं तिचं," म्हणाली आणि तिनं पोरीला सरळ उभं केलं. मी पेटीवर हात ठेवून बसले होते. परेशनं खूण केली तरी मी सूर लावला नाही. गाणंही मग सीडीवरचंच लागलं.

दुपारी जेवायला मी त्यांच्याकडेच होते. दिनानाथनं मटण केलं होतं, पण कुणाचं लक्ष नव्हतं. परेश खाली मान घालून भाकरी मोडत होता. शोभना स्वतःचं ताट न वाढता त्याच्यासमोर बसली.

"हातोदचं मला खोटं सांगितलंस. आज थांबवतो म्हणालास तेही खोटं. मी काय रे परकी होते? सरळ विचारलं का नाहीस मला?"

परेशच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "आई, नोकरी होती माझी. विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस."

"हो," शोभना म्हणाली. "नाही म्हणाले असते. म्हणून तर विचारायचं असतं."